‘ट्रान्सपाँडर’ म्हणजे नेमके काय? लहान बोटीवरच्या यंत्राची पार्श्वभूमी

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आम्हा पाच जणांची साडेसहा मीटरची शिडाची बोट नर्मदेच्या मुखाशी, दहेजच्या बाजूला असते. तिच्यावर ‘ट्रॅकर’ बसवायचे ठरले आणि पहिलेच यंत्र चुकीचे आले. विक्रेत्याने दिले ते मालट्रकवर बसवतात तसले, सिमकार्डवर चालणारे. मुखाबाहेर मोबाइलची रेंज गेली आणि घरी स्क्रीनसमोर बसलेल्यांना बोट दोन तास एकाच जागी उभी दिसत राहिली. त्याच वेळी समोरून टँकर येत होता आणि त्याच्या पडद्यावर आम्ही कुठेच नव्हतो. विक्रेत्याने फसवले असे मी म्हणणार नाही. आम्ही मागितले ‘ट्रॅकर’, त्याने दिला ट्रॅकर. गोंधळ शब्दातच आहे आणि तो बराच जुना आहे.

‘ट्रान्सपाँडर’ हा शब्द दुसऱ्या महायुद्धातला. रडारने विचारायचे ‘कोण?’ आणि विमानातल्या यंत्राने उत्तर द्यायचे, इतकाच त्याचा मूळ अर्थ. जहाजांवरचा एआयएस (ऑटोमॅटिक आयडेंटिफिकेशन सिस्टिम, म्हणजे जहाजाची ओळख आपोआप कळवणारे यंत्र) अशा प्रश्नाची वाट पाहत नाही. तो स्वतःहून व्हीएचएफवर, म्हणजे जवळच्या टप्प्याच्या रेडिओवर, आपले नाव, जागा, दिशा आणि वेग पुकारत राहतो. रेंजमधल्या ज्याच्याकडे यंत्र असेल त्या प्रत्येकाला ते ऐकू येते. तरीही त्याला ट्रान्सपाँडरच म्हणायची पद्धत पडली. पुढे आपल्याकडे मच्छीमार बोटींवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे आली, त्यांनाही तेच नाव मिळाले. त्यावरून नाखवा संकटाचा संदेश किनाऱ्यावर पाठवू शकतो, हवामानाचा इशारा घेऊ शकतो. पण तो संदेश उपग्रहामार्गे किनाऱ्यावरच्या केंद्रात जातो, शेजारून जाणाऱ्या जहाजाच्या पडद्यावर उमटत नाही. म्हणजे एकाच शब्दाखाली दोन निरनिराळ्या गरजा आहेत. ‘आमच्या बोटी कुठे आहेत?’ हा किनाऱ्याचा प्रश्न, आणि ‘माझ्या अंगावर कोण येतेय?’ हा पाण्यावरच्या माणसाचा. यंत्र घेण्याआधी आपला प्रश्न कोणता ते ठरवावे, नाहीतर आमच्यासारखे पैसे जातात.

एआयएसचा जन्म दुसऱ्या प्रश्नातून झाला, पण त्याला पैसा आणि कायद्याचे बळ पहिल्या प्रश्नाने दिले. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्झॉन व्हॅल्डेझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळले. त्यानंतर तिथल्या टँकरांना आपला ठावठिकाणा आपोआप कळवणे भाग पडले. सगळी यंत्रे एकाच वेळी बोलून एकमेकांचे संदेश बुडवू नयेत म्हणून स्वीडनमध्ये त्याच सुमारास वेळेचे तुकडे वाटून घेण्याची युक्ती आकाराला आली. एका मिनिटाचे २,२५० तुकडे, आणि प्रत्येक यंत्र आपला तुकडा आधी राखून ठेवते. २००० साली आंतरराष्ट्रीय नियमात एआयएस आला. सप्टेंबर २००१ मधल्या अमेरिकेवरच्या हल्ल्यांनंतर मुदत अलीकडे ओढली गेली आणि २००४ अखेरपर्यंत आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांवर तो बसला.

लहान बोटींचा विचार नंतर झाला, आणि झाला तो हात राखून. २००६ च्या सुमारास ‘क्लास बी’चे, म्हणजे लहान बोटींसाठीच्या एआयएसचे, मानक आले. मोठ्या जहाजाच्या यंत्राची शक्ती १२.५ वॅट, याची २ वॅट. मोठे जहाज चालत असताना २ ते १० सेकंदांनी बोलते, हे ३० सेकंदांनी. त्यातही हे यंत्र आधी कान देऊन बसते. मोकळा तुकडा मिळाला तर बोलते, नाही मिळाला तर गप्प राहते. हजारो होड्यांच्या गलबल्यात मोठ्या जहाजांचे संदेश बुडतील ही त्यामागची भीती होती आणि ती खोटी नव्हती. पण खंभातच्या आखातात ओहोटीला पाणी कसे धावते ते ज्याने पाहिले आहे त्याने हिशेब करून पाहावा. जमिनीच्या हिशेबाने १० नॉटने (तासाला १० सागरी मैल) चाललेली बोट ३० सेकंदांत दीडशे मीटर पुढे गेलेली असते. शिवाय जहाजावरच्या पडद्यावर क्लास बीच्या खुणा लपवण्याची सोय अनेक यंत्रांत ठेवली गेली. माझ्या मते हा निर्णय लहान बोटींवर अन्याय करणारा होता. पुढच्या दशकात ५ वॅटचा, आपला तुकडा राखून ठेवणारा क्लास बी आला तेव्हा हा अन्याय थोडा कमी झाला. आम्ही शेवटी हा ५ वॅटचाच घेतला.

आपल्याकडे सगळे बदलले ते २६ नोव्हेंबर २००८ नंतर. ‘कुबेर’ ही पोरबंदरची मच्छीमार बोट बळकावून हल्लेखोर मुंबईपर्यंत आले होते. त्यानंतर २० मीटरपेक्षा लांब बोटींना एआयएस सक्तीचा झाला आणि २०१२ मध्ये किनाऱ्यावरच्या दीपगृहांतून ते संदेश ऐकणारी साखळी सुरू झाली. २० मीटरखालच्या बोटींसाठी गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर चाचण्या झाल्या. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये एक लाख मच्छीमार बोटींसाठी उपग्रह-ट्रान्सपाँडरची योजना सुरू झाली, आणि तेव्हापासून ‘ट्रान्सपाँडर’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यासमोर तेच यंत्र येते. हौसेच्या खासगी लहान बोटीचा निर्णय मात्र मालकावरच राहिला.

बडोद्यात बोटीचा विषय निघाला की १८ जानेवारी २०२४ चा हरणी तलाव आठवतोच. तिथे सहलीची बोट उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. तिथे कुठलाही ट्रॅकर कामाला आला नसता. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. म्हणून यंत्राच्या खर्चाचा विषय आमच्या बैठकीत जॅकेटांनंतरच आला.

बसवताना सगळ्यात जास्त वेळ ॲंटेनाने घेतला. व्हीएचएफला उंची लागते, म्हणून ती डोलकाठीच्या टोकाला. जुन्या केबलचे टोक कापले तर आतली तांब्याची जाळी हिरवी पडलेली. हातभर मागे कापल्यावरही हिरवीच, मग अख्खी केबल बदलली. जीपीएसची छोटी घुमटी मागच्या कठड्यावर, माणसांच्या सावलीबाहेर बसवली. राहिला एमएमएसआय, म्हणजे बोटीचा नऊ आकडी क्रमांक, भारतात ४१९ ने सुरू होणारा. तो आधी रीतसर मिळवावा लागतो, आणि बऱ्याच यंत्रांत मालकाला तो एकदाच भरता येतो. चुकला तर यंत्र परत विक्रेत्याकडे. आमच्यातल्या एकाने आकडे मोठ्याने वाचले, दुसऱ्याने भरले, तिसऱ्याने कागदाशी ताडून पाहिले आणि मग बटण दाबले.