किंत्सुगीत सोनं ओतत नाहीत

फुटलेल्या कपाच्या भेगांत वितळलेलं सोनं ओततात, ही किंत्सुगीची, म्हणजे फुटकी भांडी सोनेरी सांध्यांनी जोडण्याच्या जपानी कलेची, गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. ती खोटी आहे. सोनं वितळायला १०६४ अंश सेल्सिअस लागतात! तुकडे जोडते ती उरुशी, म्हणजे झाडाचा चीक, गव्हाच्या पिठात मळलेला. सोन्याची पूड शेवटी, उरुशीच्या वरच्या ओल्या थरावर भुरभुरतात. उरुशी दमट, उबदार हवेत सावकाश घट्ट होते. कामाला आठवडे, कधी महिने जातात. शिवाय ती अंगावर उतते. झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं. म्हणूनच क्योतो-तोक्योत प्रवाशांसाठीच्या दोन-तीन तासांच्या कार्यशाळांत अनेकदा इपॉक्सी, म्हणजे झटपट घट्ट होणारा रासायनिक गोंद, आणि पितळेची पूड असते. जरूर शिका, पण नोंदणीआधी साहित्य विचारा. इपॉक्सीने जोडलेल्या कपातून चहा पिऊ नका.