अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान: सह्याद्रीत ट्रेक आखताना नेमका फरक कुठे?

दाजीपूरला जाऊन आलेले लोक सर्रास ‘नॅशनल पार्क पाहिला’ म्हणतात. गप्पांत ते खपून जातं, पण ट्रेक आखताना फरक माहीत असलेला बरा. बहुतेकांचा समज असा, की राष्ट्रीय उद्यानात प्राणी जास्त आणि अभयारण्यात कुणीही, कुठूनही शिरावं. दोन्ही चूक. दाजीपूरचंच बघा. राधानगरी अभयारण्याचा हा भाग गव्यांसाठी प्रसिद्ध आहे.

दोन्ही क्षेत्रं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली जाहीर होतात. वेगळे आहेत ते माणसांचे हक्क. अभयारण्यात स्थानिकांचे काही हक्क टिकू शकतात, वनखात्याच्या नियंत्रणाखाली चराईही चालू राहू शकते. राष्ट्रीय उद्यानात मात्र जमिनीवरचे सगळे हक्क सरकारकडे यावे लागतात आणि गुरं चारायला पूर्ण बंदी असते.

हा कागदावरचा फरक चालताना पायांना कळतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात रतनवाडी, पाचनईसारखी नांदती गावं आहेत. मुक्काम गावात करता येतो, वाटाड्या तिथलाच मिळतो. पण गुरांच्या येण्याजाण्याने जागोजागी ढोरवाटा फुटलेल्या असतात आणि त्यातली ठळक वाट गडावरच जाईल असं नाही. चांदोलीत उलटं आहे. १९८५ मध्ये ते अभयारण्य झालं, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. आतली गावं उठली आणि जिथे शेती होती तिथे आता गवत वाढतं, त्यावर गवे चरतात. वर्दळ थांबली की जुन्या वाटा कारवीत बुजतात. प्राण्यांच्या दृष्टीने हे फार मोलाचं आहे, पण त्यामागे घरदार सोडून गेलेली माणसं आहेत, हे तिथे फिरणाऱ्याने विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

आता प्रवेशाचं. इथे दोघांत फरक जवळपास नाहीच. पर्यटन असो, छायाचित्रण असो की अभ्यास, कायद्याने परवानगी दोन्हीकडे लागते. परवानगीशिवाय शस्त्र नेणं, जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं, परवान्याशिवाय वनोपज उचलणं हेही दोन्हीकडे गुन्हाच. फेब्रुवारीनंतर सड्यांवरचं, म्हणजे कातळी पठारांवरचं, गवत वाळून कोरडंठाक झालेलं असतं, तेव्हा चहापुरती चूलसुद्धा नको.

एवढं कळलं तरी नुसत्या नावावर विसंबू नका. कोयना हे अभयारण्यच, पण २०१० मध्ये चांदोलीसोबत ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. वासोटा किल्ला याच कोयना अभयारण्यात आहे. बामणोलीला वनखात्याची परवानगी घ्यायची, शिवसागरातून लाँचने पलीकडे जायचं, गड बघायचा आणि त्याच दिवशी परतायचं, मुक्कामाला मनाई. म्हणजे हरिश्चंद्रगड आणि वासोटा दोन्ही अभयारण्यातले, तरी नियमांत एवढी तफावत.

म्हणून निघण्याआधी वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात तीन गोष्टी विचारा: हा भाग कोअरमध्ये (कडक संरक्षणाचा गाभा) येतो की बफरमध्ये (त्याभोवतीचा पट्टा), आपली वाट सध्या उघडी आहे का, आणि मुक्कामाला परवानगी आहे का. पावसाळ्यात काही भाग बंद ठेवतात, त्यामुळे मागच्या हिवाळ्यात कुणी जाऊन आलं होतं एवढ्या माहितीवर जुलैत निघू नका.