खाड्याचं गणित

समजा, वर्गात मंगळवारी लसावि शिकवला आणि नेमका त्याच दिवशी एका मुलीचा खाडा पडला. बुधवारी ती हजर. फळ्यावर १/४ + १/६. बाकीची मुलं छेद बारा करतात, ३/१२ आणि २/१२ मांडतात आणि ५/१२ उत्तर काढून मोकळी होतात. हिला मात्र मुळात हे बारा आले कुठून तेच कळत नाही. हजेरीपटावर खाडा एकच लागला, पण बुडाले दोन दिवस.

यावर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एक मजेशीर अभ्यास झाला आहे. बर्फ फार पडलं की तिथे शाळांना सुट्टी मिळते. अर्थतज्ज्ञ जोशुआ गुडमन यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या या अभ्यासात अशा सुट्ट्यांचा परीक्षेतल्या गुणांवर काही परिणाम दिसला नाही. एकेकट्या मुलाच्या गैरहजेरीने मात्र गुण घटले, गणितात तर ठळकपणे. बुडालेला दिवस तोच, मग फरक का? सगळा वर्गच घरी असला की शिक्षक धडा थांबला होता तिथूनच पुढे नेतात. एकटं मूल घरी राहिलं की वर्ग पुढे सरकतो. मग शिक्षकांनी करायचं काय? त्याच्यासाठी मागे जावं तर बाकीचे खोळंबतात, पुढे जावं तर ते सुटतं.

सुटलेलं मूल त्याच वेगाने पुढचं का शिकू शकत नाही, याचं कारण मेंदूत आहे. एखादं उदाहरण सोडवताना आपण माहिती ज्या स्मृतीत तात्पुरती धरून ठेवतो, तिची जागा फार थोडी असते. मोठ्या माणसालाही तिथे एका वेळी चारेक गोष्टीच सांभाळता येतात. पाढे तोंडपाठ असले, लसावि हातात बसलेला असला, तर ती जागा नव्या गोष्टीसाठी मोकळी राहते. नसला, तर ती जुन्याच अडचणीत अडकते आणि समोर शिकवलेलं निसटतं. अशा मुलाला आपण सहज ‘लक्ष नाही’ म्हणतो. बिचारं लक्ष देतच असतं.

दुसरी गोष्ट विसरण्याची. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ केले आणि ते किती वेळात विसरतात हे मोजून १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. एका दिवसानंतर तेच पुन्हा पाठ करताना पहिल्या वेळच्या कष्टांपैकी जेमतेम एक तृतीयांश कष्टच वाचत. पण एका बैठकीत घोकण्यापेक्षा थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी केली तर पाठांतर जास्त टिकतं, हेही त्यानेच दाखवलं. शाळेत असं आपसूक घडतं: कालचा प्रश्न आज विचारला जातो, चार दिवसांनी तेच गणित गृहपाठात येतं. अधूनमधून खाडे करणाऱ्या मुलाच्या वाट्याला या उजळण्याही कमी येतात.

शाळेच्या एकूण दिवसांपैकी १० टक्के किंवा जास्त दिवस बुडाले तर अनेक अभ्यासक ती दीर्घकालीन गैरहजेरी मानतात. म्हणजे महिन्याला साधारण दोन दिवस. ऐकायला किरकोळ वाटतं.

खाड्यांमागे नेहमी कंटाळा किंवा निष्काळजीपणाच असतो असंही नाही. केनियात शाळकरी मुलांना जंताचं औषध दिल्यावर गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचं एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांनी २००४ मध्ये नोंदवलं. मात्र त्याच अभ्यासात परीक्षेतले गुण वाढलेले दिसले नाहीत. वर्गात पोहोचल्यावर पुढे काय होतं, हा वेगळा प्रश्न.

तापाने फणफणलेल्या मुलाला शाळेत ढकलावं, असा याचा अर्थ अजिबात नाही. घोळ होतो तो परतल्यावर. आपण त्याला मैत्रिणीची वही आणायला सांगतो, आणि ते सुवाच्य अक्षरात सगळं उतरवून काढतं. वही पूर्ण होते, लसावि येत नाही तो नाहीच. त्यापेक्षा त्या मैत्रिणीला दहा मिनिटं शेजारी बसवावं, ‘हे बारा कुठून आले?’ एवढं मुलाला तिच्याकडून समजून घेऊ द्यावं आणि मग पुढचं गणित वही मिटून करायला सांगावं.