घर भाड्याने द्यायची भीती : ५० वर्षांपूर्वीच्या एका तारखेची गोष्ट

ठाण्या-पुण्यात निवृत्तीच्या पैशांतून दुसरा फ्लॅट घेतलेली माणसं अनेकदा तो कुलूपबंद ठेवतात. कारण विचारलं की एकच उत्तर येतं : ‘दिला आणि पुढे सोडलाच नाही तर?’ २०११च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये सुमारे १ कोटी १० लाख घरं रिकामी आढळली. त्यामागे कारणं अनेक आहेत. पण महाराष्ट्रातली ही भीती कुठून आली हे पाहायचं, तर मुंबईच्या चाळींपासून सुरुवात करावी लागते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांमुळे मुंबईत माणसांचा लोंढा आला, भाडी भडकली आणि सरकारने १९१८मध्ये भाडेनियंत्रण आणलं. दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा घडलं. फाळणीनंतर निर्वासितांचीही भर पडली. त्याच सुमारास आलेला १९४७चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा पुढची पन्नास वर्षं शहरावर राज्य करून गेला. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेला जे भाडं होतं, ते ‘प्रमाण भाडं’ ठरलं. भाडेकरूला मनमानी पद्धतीने बाहेर काढता येणार नाही, आणि त्याच्या पश्चात सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जाईल, अशी तरतूद होती.

गिरणगावातल्या एका खोलीत दहा माणसं राहत असताना असं संरक्षण देणं योग्यच होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चूक पुढे झाली. कायदा ठरावीक मुदतीचा होता. त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली, पण १९४०चा आकडा जवळपास तिथेच राहिला. कर वाढले तर थोडी वाढ घेता येई, तेवढंच. सिमेंट, गवंडी, प्लंबर यांचे भाव मात्र बाजाराप्रमाणे चढत राहिले. महिन्याला वीस-तीस रुपये देणाऱ्या खोल्यांच्या भाड्यातून जिना दुरुस्त करायचा कसा? मालकाने दुरुस्ती सोडली, भिंतींना ओल आली, सज्जांना टेकू लागले.

त्यातूनच पागडी वाढली. भाडं वाढवता येत नाही, मग खोली देताना एकरकमी रक्कम घ्यायची, आणि भाडेकरूने ती पुढे दुसऱ्याला दिली की त्यातही मालकाने हिस्सा घ्यायचा. कायद्याने पागडी घेणं हा गुन्हा होता, तरी गिरगाव-दादरमध्ये ती सर्रास चाले, पावतीशिवाय.

काही मालकांनी वेगळी वाट काढली. भाडेकरार करायचाच नाही, केवळ वापरण्याची परवानगी द्यायची. हेच ते ‘लिव्ह अँड लायसन्स’. परवानाधारक हा भाडेकरू नसल्याने त्याला भाडेकायद्याचं संरक्षण नव्हतं, आणि याचा गैरफायदाही घेतला गेला. त्यावर राज्याने १९७३मध्ये कायद्यात १५-अ हे कलम घातलं. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर जागेत राहणारा माणूस त्या दिवसापासून संरक्षित भाडेकरू मानला गेला. ज्यांनी अकरा महिन्यांसाठी म्हणून जागा दिली होती, त्यांची जागा एका रात्रीत कायमची अडकली. ‘सोडलंच नाही तर’ ही धास्ती घराघरात शिरली ती मुख्यतः या एका तारखेमुळे, असं मला वाटतं. पुढच्या पिढीला कलम आठवत नाही, काकांचा अडकलेला ब्लॉक आठवतो.

इमारती पडू लागल्या तेव्हा १९६९च्या कायद्याने जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्ती मंडळ उभारलं. ते पुढे म्हाडात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणात, सामील झालं. सुरुवातीला अशा १९ हजारांहून अधिक उपकरप्राप्त इमारती होत्या. मालकाला न मिळालेलं भाडं आणि मंडळाचा तुटपुंजा निधी यांच्यामध्ये जीव टांगणीला लागला तो भाडेकरूंचाच. ऑगस्ट २०१७मध्ये भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली.

डिसेंबर १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘मालपे विश्वनाथ आचार्य’ खटल्यात स्पष्ट सांगितलं की, गोठवलेलं प्रमाण भाडं आता वाजवी राहिलेलं नाही. नवा कायदा येऊ घातला होता म्हणून जुना रद्द केला नाही. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्याने पागडीला मान्यता दिली, बँका, सार्वजनिक उपक्रम आणि १ कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळलं आणि भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ दिली. पण आधार जुनाच राहिला. तेव्हा १०० रुपये असलेलं भाडं चक्रवाढीने २५ वर्षांत सुमारे २६७ रुपये होतं.

फ्लॅट कुलपात ठेवणाऱ्यांनी याच कायद्याचं कलम २४ जरूर वाचावं. राहण्यासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट शुल्काइतकी भरपाई मागू शकतो. फक्त करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला’ हा समज महाराष्ट्रात चालत नाही. कलम ५५नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत समोरच्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर मालक वेगळं सिद्ध करत नाही.

उपकरप्राप्त इमारतींचे मालक मात्र दुसऱ्याच लढाईत होते. १९८६मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण आलं. ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर मासिक भाड्याच्या १०० पट रक्कम देऊन इमारत संपादित करता येते, असं त्यात म्हटलं होतं. भाडंच गोठलेलं, तिथे शंभर पट म्हणजे किती? या तरतुदीला आधार होता राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ब)चा : समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचं वाटप सर्वांच्या हितासाठी व्हावं. त्याविरुद्ध मालकांच्या संघटनेचं प्रकरण १९९२मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निकाल दिला की, प्रत्येक खासगी मालमत्ता ही अनुच्छेद ३९(ब)मधली ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही. बत्तीस वर्षांनी मिळालेलं हे उत्तर त्या अनुच्छेदाच्या अर्थापुरतं आहे.