केस कापून पळवलेल्या मुलाची गोष्ट

सुट्टी लागली, की सांगली-मिरजेकडच्या पालकांच्या मोबाईलवर एक मजकूर फिरू लागतो. त्यात म्हटलेले असते, की मनोरंजन उद्यानात दिसेनासे झालेले मूल बाहेर पडण्याच्या दारावर थांबलेल्या आईला केवळ बुटांवरून ओळखू आले. कारण मुले पळवणाऱ्या टोळीने गुंगीचे औषध हुंगवून स्वच्छतागृहात त्याचे केस कापून रंगवले होते आणि कपडेही बदलले होते.

ही घटना आपल्याकडची नाही, किंबहुना ती घटनाच नाही. बूट बदलायचे राहिल्याच्या तपशिलासह हीच कथा अमेरिकेतील लोककथा-अभ्यासकांनी १९८० च्या दशकातच दंतकथा म्हणून नोंदवली आहे. फक्त उद्यानाचे नाव गावोगाव बदलते. शिवाय क्लोरोफॉर्मसारखे गुंगीचे औषध हुंगवताच कोणी बेशुद्ध होत नाही, त्याला काही मिनिटे लागतात. एवढ्या वेळात रडणाऱ्या मुलाचे केस गर्दीच्या स्वच्छतागृहात कापून रंगवणे कसे जमणार, हा साधा प्रश्न मजकूर पुढे पाठवणाऱ्याला का पडू नये?

हे मी तळमळीने लिहितो आहे, कारण अशा अफवांनी माणसे मारली आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार केले. आपल्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातील लवंगा येथे सप्टेंबर २०२२ मध्ये पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना याच संशयावरून बेदम मारहाण झाली.

मूल गर्दीत चुकणे मात्र खरोखर घडते. त्यासाठी त्याच्या खिशात पालकांचा दूरध्वनी क्रमांक ठेवावा आणि चुकल्यास तत्काळ ११२ या आपत्कालीन किंवा १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावे.