२१४७४८३६४७ : या आकड्याच्या मागचा इतिहास

प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हा आकडा बघताक्षणी ओळखू येतो, ३२ बिटच्या साइन्ड इंटिजरची (म्हणजे धन-ऋण दोन्ही पूर्णांक साठवणाऱ्या जागेची) कमाल मर्यादा, बायनरीत लिहिला तर ओळीने ३१ एक. पण कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीपासून गणितवाले याच्यामागे लागले होते, आणि मला खरी गंमत तिथेच वाटते.

२ चा ३१ वा घात करून त्यातून १ वजा केला की ही संख्या येते. अशा रूपातल्या मूळ संख्येला मर्सेन प्राइम म्हणतात. इटलीच्या कातालदीने १५८८ च्या सुमारास घात १७ आणि १९ साठी उत्तर मूळ येतं हे भागाकार करकरून दाखवलं, आणि पुढे २३, २९, ३१, ३७ साठी पण तसंच होईल असं म्हणून टाकलं. फर्माने १६४० मध्ये २३ आणि ३७ बाद केले, ऑयलरने १७३८ मध्ये २९ बाद केला, राहिला फक्त ३१. ज्याच्यावरून हे नाव पडलं त्या फ्रान्सच्या मर्सेनच्या १६४४ च्या यादीतही ३१ होता, पण पुरावा कोणाकडेच नव्हता.

तो ऑयलरने १७७२ मध्ये दिला. या संख्येचं वर्गमूळ साधारण ४६,३४१ येतं, म्हणजे सरळ पद्धतीने गेलं तर तिथपर्यंतच्या साडेचार हजारांहून जास्त मूळ संख्यांनी भाग देऊन बघायचा, तेही हाताने! पण या संख्येला मूळ भाजक असलाच तर त्याला ६२ ने भागून बाकी १ उरायला हवी, आणि ८ ने भागून १ किंवा ७. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ येणारेच उमेदवार उरतात, फार तर ३७२ भागाकार. एकानेही भाग जात नाही, विषय संपला. इतकं सुंदर काम मी फार कमी बघितलंय.

ही आठवी मर्सेन प्राइम. आणि घातातला ३१ हा स्वतःच मर्सेन प्राइम आहे (२ चा ५ वा घात वजा १), म्हणून ही डबल मर्सेन प्राइमसुद्धा. युक्लिडच्या नियमाने हिला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःला सोडून बाकी सगळ्या भाजकांची बेरीज तेवढीच. इंग्लिश गणिती पीटर बार्लोने १८११ मध्ये लिहिलं की यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण असल्या संख्यांचा उपयोग काही नाही, नुसतं कुतूहल, त्यापुढे कोण कशाला जाईल. १८७६ मध्ये फ्रेंच गणिती ल्युकाने घात १२७ ची ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं आणि तिच्यातून याहून मोठी परिपूर्ण संख्या मिळालीच.

उपयोग नंतर आला, आणि अडचणही. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटमध्ये मोजणारी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेनुसार) पहाटे ०३:१४:०७ ला बरोब्बर याच आकड्यावर पोचतील, आणि पुढच्या सेकंदाला थेट मायनसमध्ये जाऊन डिसेंबर १९०१ दाखवतील.