झक्कारिया पिनबॉल: ॲपच्या आधीची गोष्ट

मोबाईलवर नाहीतर स्टीमवर (कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान) झक्कारिया पिनबॉल खेळलेल्या बऱ्याच जणांना वाटतं की हे ॲपवाल्यांनी ठेवलेलं नाव आहे. तसं नाहीये, ही इटलीतल्या बोलोन्याची खरीखुरी पिनबॉल मशीनं, म्हणजे काचेखाली छोट्या फळ्यांनी गोळा उडवत पॉइंट कमवायची टेबलं, बनवणारी कंपनी होती, मरीनो, फ्रँको आणि नाताले या तीन झक्कारिया भावांनी 1974 मध्ये काढलेली.

इटलीत हा धंदा का फोफावला हे बघायचं तर 1965 मध्ये जायला लागतं. त्या वर्षी तिथे जुगाराच्या ऑटोमॅटिक मशीनवर कायद्याने बंदी आली आणि त्यात पिनबॉलपण सापडलं, कारण स्कोअर चांगला झाला की फुकट गेम मिळायचा आणि तो चक्क बक्षीस धरला गेला! मग शिकागोची गॉटलिब कंपनी खास इटलीसाठी वेगळी मॉडेलं पाठवायला लागली, त्यात फुकट गेमऐवजी चालू गेममध्येच जादा बॉल मिळायचा. म्हणजे गिऱ्हाईक भरपूर, नियम वेगळे आणि माल अमेरिकेतून यायचा, अशा ठिकाणी लोकल कंपनीला वाव मिळणारच असं मला वाटतं.

झक्कारियाच्या 1978 च्या 'विंटर स्पोर्ट्स' या टेबलापासून रिले (विजेवर चालणारे स्विच) आणि फिरत्या आकड्यांच्या चाकांच्या जागी मायक्रोप्रोसेसर आला. पुढे मशीनं बोलायलाही लागली, आणि मला आवडलेली गोष्ट ही की 'फार्फाल्ला' (1983) सारख्या टेबलांच्या इटालियन आणि जर्मन आवाजाच्या वेगळ्या चिप निघाल्या, म्हणजे बारमधला माणूस आपल्याच भाषेत शिव्या खाऊ शकत होता, निदान टोमणे तरी. 1982 मध्ये इटलीने फुटबॉल वर्ल्ड कप जिंकला त्याच वर्षीचं टेबल 'सॉकर किंग्ज'. बॅली आणि विल्यम्स या अमेरिकन कंपन्यांनंतर झक्कारिया जगात तिसरी असं सांगतात, गॉटलिबचे फॅन हे मान्य करतील का ते सोडा.

व्हिडिओ गेमचं वारं त्यांनाही कळलं होतं, 'क्वासार' (1980), 'जॅक रॅबिट' (1984) असे आर्केड गेमही त्यांनी काढले. पण बारमधली जागा आणि लोकांची नाणी दोन्ही स्क्रीनकडे गेली ती गेलीच. 'मेक्सिको 86' आणि 1987 चं 'स्पूकी' ही शेवटशेवटची टेबलं.

मॅजिक पिक्सेलच्या ॲपमध्ये जुन्या टेबलांबरोबर 'रीमेक', 'डिलक्स' अशी नवीपण आहेत, ती कारखान्यात कधी बनलीच नव्हती, त्यामुळे असली बोलोन्याचं खेळायचं असेल तर टेबलाचं वर्ष बघून घ्या.